काळ्याची पातळी कोणी ठरवली?

लियाकत शेख यांच्यावर अन्याय झाला. गेल्या डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी सहाच्या सुमाराला, आमच्या शाळेच्या भरल्या सभागृहात झाला. ते स्वतः तिथे नव्हते. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसावर अन्याय होत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढचं वाचावं. ज्यांना तसं वाटत नाही त्यांनीही वाचावं, कारण हा अन्याय करणारा माणूस वाईट नव्हता, यंत्र बिघडलेलं नव्हतं, आणि शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी पत्रकं लिहिते. बस बंद झाली, झाडं तोडली, नाल्यावर इमारत उठली, की मी लिहिते आणि आम्ही चौकात उभं राहून वाटतो. पत्रकाचा एक नियम हाडात मुरलाय: कोणावर काय झालं आणि कधी झालं ते पहिल्या ओळीत सांगायचं, कारण दुसऱ्या ओळीपर्यंत लोक कागदाची घडी घालून खिशात टाकतात. तो नियम पाळून झाला. आता मला जरा रमतगमत बोलू द्या, कारण डिसेंबर परत आलाय आणि मला गप्प बसवत नाहीये.

पुण्यात धायरीला, आता राहते त्या इमारतीच्या मागे, एक शाळा आहे. दिवाळीची सुट्टी संपून शाळा रुळावर आली, की दुपारी तिथला स्पीकर सुरू होतो. एकच कडवं, पुन्हा पुन्हा. मध्येच गाणं तुटतं आणि बाईंचा आवाज येतो, चौथी रांग झोपली आहे का? मग पुन्हा तेच कडवं. लोकांना कोकिळेने ऋतू कळतो म्हणे. मला या तुटक्या कडव्याने कळतो. गॅदरिंगचा हंगाम. उन्हाला धार नसते, सावलीत गेलं की अंगावर काटा, कपाटातून काढलेल्या स्वेटरला डांबरगोळ्यांचा वास, आणि त्याहून उग्र वास पोत्यात भरून येणाऱ्या भाड्याच्या कपड्यांना. त्या पोत्यातून निघालेला परकर अंगाला लागला की खाज सुटायची, आणि ती खाजसुद्धा हवीहवीशी वाटायची, कारण ती फक्त ज्यांची निवड झाली त्यांनाच सुटायची.

माझी निवड दुसरीत झाली होती, कोळीनृत्यात, मागच्या रांगेत. गालावर लाल गोळे, ओठांवर खोबरेल तेलाच्या चवीची लाली, डोक्यावर कागदी मासे चिकटवलेली टोपली. आमची शाळा पेठेतली, आणि तिथे तेव्हा रेकॉर्डवर नाच नसे. पेटीवर संगीताच्या बाई, आणि ढोलकी-तबल्यावर लियाकतचाचा.

लियाकतचाचा बाइंडर होते. एका छापखान्यात पुस्तकं बांधायचे. बोटांना खळीचा वास यायचा. पण डिसेंबर आला की पेठांतल्या निम्म्या शाळा त्यांना बोलवायच्या. रंगमंच छोटा, त्यामुळे वादकांना वर जागा नसे. ते डाव्या विंगेत, काळ्या पडद्याला पाठ लावून, सतरंजीवर बसत. निवेदक सांगायचा, 'तबल्यावर आहेत लियाकतभाई', आणि सगळं सभागृह रंगमंचाकडे बघून टाळ्या वाजवायचं, जिथे ते नसायचेच.

त्या नाचात मी चुकले. सगळ्या उजवीकडे वळल्या आणि मी डावीकडे, थेट विंगेकडे तोंड करून उभी. समोर चाचा. त्यांचे डोळे ढोलकीवर नव्हतेच. माझ्या पायांवर होते. त्यांनी मान हलवली, हात तसाच चालू ठेवून ठेका एवढासा ताणला, एखाद्याने दार बंद करता करता तुमच्यासाठी धरून ठेवावं तसा, आणि मी आत शिरले. कोणाला काही कळलं नाही. घरी आईने विचारलं, पाऊल चुकलं का गं तुझं? मी म्हटलं, नाही. खरंच चुकलं नव्हतं. चुकू दिलं नव्हतं.

हे मी इतकं तपशिलात सांगतेय, कारण गेल्या डिसेंबरात भर सभेत सांगितलं गेलं, की असं काही दिसणं शक्यच नाही.

त्या शनिवारी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. मेळावा समितीने कौतुकाचं काम केलं होतं: शाळेच्या कपाटात पडलेल्या गॅदरिंगच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट शोधून एका दुकानातून डिजिटल करून घेतल्या होत्या. आता त्या मोठ्या पडद्यावर दाखवणार. माझ्या शेजारी हमीदाताई बसल्या होत्या, लियाकतचाचांच्या थोरल्या कन्या. आमच्याच शाळेच्या, माझ्या कितीतरी आधीच्या बॅचच्या. विमा कार्यालयात नोकरी, विश्रांतवाडीला घर, आणि बोलणं असं की समोरच्याला आपल्याला टोमणा बसलाय हे घरी गेल्यावर कळावं. पण त्या दिवशी त्या टोमणे मारत नव्हत्या. दोन्ही हातांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, “दहावीच्या नाचात बघ. अब्बा दिसतील. याच कॅसेटमध्ये शाळेच्या टीव्हीवर पाहिले होते मी, एकदाच.”

चाचांचं चालतंबोलतं चित्रण दुसरं कुठेच नाही. लग्नात वाजवायचे तर कॅमेरा नवरीवर, शाळेत वाजवायचे तर कॅमेरा मुलांवर. घरी दोन फोटो, दोन्हींत ते ताठ बसलेले, हात मांडीवर ठेवून, जणू हात दुसऱ्याचे आहेत. ही एकच कॅसेट. हमीदाताईंनी तिची किती वर्षं वाट पाहिली असेल ते मी मोजत नाही.

नाच सुरू झाला. पिवळा परकर, दोन वेण्या, पहिल्या रांगेत हमीदाताई. सभागृहात शिट्ट्या. तबला स्वच्छ ऐकू येत होता, एकेक बोल सुटा. मग पडद्यावरची ती मुलगी एका वळणावर अडखळली, तिने डावीकडे मान वळवली आणि हसली. कॅमेराही तिच्याबरोबर डावीकडे सरकला. आणि तिथे काळं होतं. सावली नाही, अंधूक नाही. डांबर ओतल्यासारखं सपाट काळं. एक मुलगी त्या काळ्याकडे बघून हसत होती, आणि त्या काळ्यातून तबला वाजत होता.

हमीदाताई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मागे घ्या. मागे घेतलं. पुन्हा तेच. पुन्हा मागे घ्या म्हणाल्या. तेव्हा समितीचे सबनीस सर, आम्हा सगळ्यांचेच गणिताचे सर, माइक हातात घेऊन अगदी मायेने म्हणाले, “हमीदा, अगं विंगेत अंधारच असतो. अंधारात काय दिसणार?”

“सर, मी पाहिलंय. याच कॅसेटवर.”

“लहान होतीस. वाटलं असेल.”

लोक हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. हमीदाताई खाली बसल्या. नाच संपला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हाच तो अन्याय. चेहरा गेला हा एक भाग. पण जे पाहिलं ते पाहिलंच नव्हतं असं एका लेकीला माइकवरून सांगणं, आणि सगळ्यांनी ते पटवून घेऊन टाळ्या वाजवणं, हा दुसरा. पहिला यंत्राने केला. दुसरा आपण.

दुसऱ्या दिवशी मी ती फाइल मिळवली आणि लॅपटॉपवर उजेड वाढवून पाहिला. तुम्हीही कधी केलं असेल, काळपट आलेल्या फोटोची कळ सरकवून त्यातली माणसं वर काढली असतील. मीही सरकवत गेले. काळ्याचं राखाडी झालं. राखाडीचं फिकं राखाडी झालं. सारवल्यासारखी एकसारखी राख. चेहरा तर सोडाच, पडद्याची एक चुणी नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अंधारात काही असतं तर उजेड केल्यावर त्याची चाहूल लागली असती. हा अंधार नव्हताच. अंधार काढून घेऊन त्या जागी काहीच ठेवलं नव्हतं. कुणीतरी कापलं होतं. आणि कापलंय म्हटलं की मला पंख फुटतात.

हमीदाताईंना स्कूटरवर मागे बसवून त्याच आठवड्यात मी त्या दुकानात गेले. पेठेतल्या एका बोळात, जिन्याखाली, लिमये काकांचं दुकान. कॅसेटवरून डिजिटल, फोटोंचं स्कॅनिंग, आणि वेळ मिळाल्यास सौजन्य. मी फाइल दाखवून आवाज चढवला. लिमये काका चष्म्यावरून बघत राहिले. मग म्हणाले, आवाजावर कॅसेट चालत नाही, विजेवर चालते, बसा.

त्यांच्या टेबलावर तेव्हा दुसऱ्या कुणाची तरी कॅसेट चालू होती. परदेशातलं अंगण, गुडघाभर बर्फ, नऊवारीवर बूट घातलेल्या एक आजी, लाल जाकिटात गुरफटलेलं बाळ. मागे काळी गाडी उभी. गाडी काळी, पण तिच्या दारावर बर्फाची झळाळी दिसत होती, चाकाच्या आतली पातीसुद्धा दिसत होती. आजींचं काळं पोलकं आणि त्यावरची काळी शाल, दोन काळे वेगवेगळे. मी बघतच राहिले. या यंत्राला काळं दिसत होतं, अगदी छान दिसत होतं.

हमीदाताईही बघत होत्या. मग त्यांच्या नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, “अमेरिकेतल्या गाडीचं चाक दिसतंय, आमचे अब्बा दिसत नाहीत. अब्बांनी व्हिसा काढायला हवा होता.”

लिमये काका हसायला गेले आणि मध्येच थांबले. त्यांचा हात टेबलावरच्या एका चपट्या डबीकडे गेला. व्हीसीआर आणि संगणक यांच्या मधे बसवलेली डबी, पुढच्या बाजूला चार नॉब. त्यातल्या एका नॉबवर पिवळी पडलेली चिकटपट्टी आडवी मारलेली होती, कुणी हलवू नये म्हणून. त्यांनी ती पट्टी नखाने खरवडली. पुण्यातला दुकानदार गिऱ्हाइकाला उलट उत्तर द्यायचं विसरतो, तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

मग त्यांनी समजावलं, आणि मी ते माझ्या शब्दांत सांगते. कारण हे कळल्यापासून मी बसमध्ये शेजारी बसणाऱ्यालाही सांगत सुटले आहे.

कॅसेटवर चित्र नसतं, वीज कमीजास्त होत असते. जास्त वीज म्हणजे पांढरं, कमी म्हणजे काळं. पण किती कमी झाली की काळं म्हणायचं? ही रेघ कुठेतरी माणसांनी मारावी लागते. आपल्याकडच्या पद्धतीत ती अगदी तळाशी मारली: वीज शून्याला टेकली की काळं. अमेरिकेच्या पद्धतीत ती थोडी वर मारली: शून्याच्या जरा वरच काळं सुरू. म्हणजे काळा रंग हा निसर्गाचा नियम नाही, करार आहे. देशागणिक वेगळा. आता अमेरिकन कॅसेट इथल्या यंत्रात घातली की तिचं काळं तळापर्यंत पोचतच नाही, वर लटकतं, आणि राखाडी दिसतं. चित्रावर धुकं. गिऱ्हाईक तक्रार करतं. म्हणून काकांनी तो नॉब फिरवून सगळं चित्रच थोडं खाली दाबलं. धुकं गेलं, गाडी काळी झाली, आजी खूश.

आणि मग, हे फक्त पुण्याच्या पेठेतच घडू शकतं, त्यांनी त्यावर चिकटपट्टी मारली. कारण येणाऱ्या कॅसेटी अमेरिकेतल्याच. ज्याचा मुलगा तिकडे त्याच्याच घरी जपून ठेवण्यासारखी कॅसेट, बारसं तिकडचं, पदवी तिकडची, बर्फ तिकडचा. दुकानाचा काळा अमेरिकन ठरून गेला. मधूनमधून एखादी इथली कॅसेट येई, इथली मुंज, इथलं गॅदरिंग. तिचं काळं आधीच तळाला टेकलेलं. तीही त्याच नॉबखालून जाई आणि आणखी खाली दाबली जाई. पण तळाच्या खाली जागा कुठे? त्या डबीला तळघर नाही. जे तळाखाली गेलं ते सगळं तिथेच एका रेघेत कापलं गेलं, एकच आकडा, एकच काळं. संगणकाला मिळाली ती कापून उरलेली वीज तेवढी. म्हणून नंतर कितीही उजेड वाढवा, वर येते ती राख.

मी विचारलं, कोणी तक्रार नाही केली? काका म्हणाले, कशाला करतील, उलट इथल्या कॅसेटी जास्त चकचकीत दिसायच्या. काळं गडद झालं की गोरं उठून दिसतं. नवरी उजळ, पाहुणे उजळ, हारतुरे उजळ. लोक म्हणायचे, काका, तुमच्या हातात जादू आहे.

ऐकलंत ना? मी तिथेच ताडकन उभी राहिले. माझ्या डोक्यात आमच्या घरातल्या, शेजारच्या, मैत्रिणींच्या घरातल्या सगळ्या लग्नांच्या कॅसेटी एकदम चालू झाल्या. मांडवाच्या कडेला कोण असतं? वरातीत डोक्यावर दिव्यांची झाडं धरून चालणाऱ्या बाया. दिवा उजळ, खालचा चेहरा काळा. चुलाणापाशी आचारी. दाराआड पदर तोंडाला लावून उभी राहिलेली विधवा आत्या, जिला पुढे बोलावलं नाही. सावळ्या रंगाची धाकटी बहीण. बँडवाले. गाडीवाला. उजेड ज्यांच्यावर पडावा असं कुणाला वाटलं नव्हतं ते सगळे त्या रेघेच्या आसपास राहतात, आणि रेघ बोटभर वर सरकली की पहिले तेच बुडतात. व्यासपीठावरच्या माणसाचं काही जात नाही. त्याच्या शेरवानीच्या एका बटणालाही धक्का लागत नाही.

मग मी विचारलं, मूळ कॅसेट कुठे आहे? कारण मूळ कॅसेटमध्ये चाचा अजून बसलेले असणार.

काकांनी वर बोट केलं. दुकानाच्या माळ्यावर पोती होती. लोक पेनड्राइव्ह घेऊन जातात आणि कॅसेट न्यायला येत नाहीत. फोन केला तर म्हणतात, आता काय करायचीय, ठेवा तुमच्याकडेच. शाळेनेही तेच केलं होतं. 'मी काय कॅसेटींचा अनाथाश्रम काढलाय?' काका पुटपुटत शिडी चढले आणि धुळीने पांढरे होऊन आमची कॅसेट घेऊन उतरले. झडप उघडून त्यांनी फीत उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा पडला. कडेला पांढरे ठिपके. बुरशी. मागच्या खेपेलाच फीत कुरकुरली होती म्हणाले.

त्यांनी कॅसेट हमीदाताईंच्या हातात दिली, माझ्या नाही. “साफ करून एकदा चालेल. कदाचित तेवढीही नाही. आत गुंडाळली गेली तर संपलं. सांगा, लावू?”

“नाही लावली तर?”

“तर अशीच राहील. ते आत राहतील, तुम्ही बाहेर.”

हमीदाताई कॅसेटच्या खिडकीतून दिसणाऱ्या तपकिरी फितीकडे बघत बसल्या. मी बोलायला तोंड उघडलं आणि, माझ्या आयुष्यात क्वचित घडतं तसं, मिटलं. चौकात मी कितीही ओरडले तरी हरले तर पुढचं पत्रक निघतं. इथे दुसरी प्रत नव्हती. त्या म्हणाल्या, लावा. पण मी समोर असताना.

फीत साफ व्हायला बरेच दिवस गेले. त्या दिवसांतलं पुणं मला लख्ख आठवतं, कदाचित मी सगळीकडे काळंच बघत हिंडत होते म्हणून. हुरड्याचं कोवळं हिरवं कणीस हातगाडीवरच्या निखाऱ्यावर काळं पडताना. म्हातारीच्या टोपलीतली बोरं. सकाळच्या धुक्यात कॉलेजच्या पोरांची काळी जाकिटं, दहा पोरांचे दहा काळे, एक उन्हाने विटलेला, एक तेलकट, एक नवा कोरा. काळ्या केसांत काळी रिबन. तव्याचा काळा आणि तव्याच्या बुडाचा काळा. आपल्याकडे पांढऱ्याचे प्रकार सांगणारे पुष्कळ भेटतात, मोतिया, दुधी, हस्तिदंती. काळ्याचे प्रकार बघायला मला एका नॉबने शिकवलं.

ठरलेल्या दुपारी आम्ही गेलो. लिमये काकांनी चिकटपट्टी पूर्ण काढून टाकली होती. त्यांनी नॉब इथल्या काळ्यावर आणला, दोन वेळा तपासला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा तपासला. कॅसेट आत गेली. यंत्राने घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज केला आणि चित्र आलं.

पहिल्यांदा माझा विरसच झाला. खरं सांगते. फिकं, धुरकट, कडेला ठिपक्यांची मुंग्यांसारखी वळवळ. सभागृहातलं चित्र कितीतरी झगमगीत होतं. भाषण झालं, बक्षिसं झाली, दहावीचा नाच आला. हमीदाताई खुर्चीच्या टोकाला. पिवळा परकर. वळण. ती मुलगी अडखळली, मान वळवली, कॅमेरा सरकला.

आणि काळं उघडलं.

आधी पडद्याच्या चुण्या, एकामागे एक. खुंटीला गुंडाळलेला दोर. पाण्याचा तांब्या, त्याच्या काठावर उजेडाचा एक तंतू. मग बाही, मग हात, खरा चालणारा हात, आणि वर चेहरा. काळाभोर, गालफडं बसलेली, तपकिरी स्वेटर, मागे काळा पडदा. काळ्यावर काळा माणूस आणि तरी त्याच्या भुवईचा एकेक केस त्याच्या जागी. चाचा तबल्याकडे बघत नव्हते. पायांकडे बघत होते. ओठ मात्रा मोजत होते. मुलगी अडखळली तशा त्यांच्या भुवया वर गेल्या, डावा हात डग्ग्यावर जरासा लांबला, आणि तिचं पाऊल परत समेवर आलं. तेव्हा ते हसले. ती हसली ती त्याला उत्तर म्हणून.

सभागृहात आम्ही फक्त उत्तर पाहिलं होतं.

हमीदाताई काय म्हणाल्या ते मला जसंच्या तसं लिहायचंय. त्या म्हणाल्या, “बाही उसवलीय. मी अम्मीला सांगितलं होतं, बाही उसवलीय म्हणून.” आणि मग पडद्यावर बोट ठेवून, कोणाला तरी समोर बसवून ठणकावल्यासारखं, “दिसतंय. दिसतंय ना? मला वाटलं नव्हतं. मी पाहिलं होतं.”

फीत पुढे थोड्याच वेळात अडकली आणि चुरगळली. नाच तोवर संपला होता. काकांनी यंत्र बंद केलं, अडकलेली फीत हातानेच सोडवत बसले आणि मान वर न करता विचारलं, “आणि वर माळ्यावर आहेत त्या सगळ्यांचं काय?”

आम्ही नवी फाइल सबनीस सरांना नेऊन दाखवली. सरांनी विंगेतला भाग दोनदा पाहिला. लियाकतभाईच आहेत म्हणाले. मग म्हणाले, पण एकूण चित्र फिकं वाटतं गं, पहिली फाइल चकचकीत होती. लोकांना तीच आवडली. मी विचारलं, सर, उत्तर चकचकीत लिहिलं पण एक पायरी गाळली, तर तुम्ही गुण द्यायचात का? सर म्हणाले, तू अजून तशीच आगाऊ आहेस. हे अर्थात उत्तर नव्हे. शाळेकडून आजही मिळते ती पहिलीच फाइल. तो लढा चालू आहे आणि मी तो सोडणार नाही. पण आज मी सबनीस सरांसाठी लिहीत नाहीये.

आज मी तुमच्यासाठी लिहितेय. मागच्या शाळेत चौथी रांग पुन्हा झोपली आहे, कडवं पुन्हा सुरू झालंय, आणि मला वर्षभर लिहायची राहून गेलेली गोष्ट सांगायचीय. लिमये काकांची इमारत पुनर्विकासाला जातेय. संक्रांत झाली की दुकान बंद, माळा रिकामा, पोती भंगारात. काकांनी ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. नॉब नीट लावून पुन्हा करून देतो म्हणाले, नुसती कॅसेट घेऊन जायला या म्हणाले. माणसं म्हणतात, अहो आहे की पेनड्राइव्हवर, सगळं आलंय. सगळं आलेलं नाही. जे दिसतंय तेवढं आलंय, आणि जे आलं नाही ते दिसत नसल्यामुळे ते नव्हतंच असं तुम्हाला वाटतंय.

तेव्हा तुम्ही, हो, तुम्हीच, ज्यांनी पेठेतल्या कुठल्याही दुकानात कॅसेट टाकून फक्त पेनड्राइव्ह घरी आणली आहे: आज संध्याकाळी ती फाइल लावा. नवरीकडे बघू नका, हारतुऱ्यांकडे बघू नका. कोपऱ्यांत बघा, दाराआड बघा, मांडवाच्या कडेला बघा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि विचारा, इथे कोण उभं होतं? त्यांनी नाव घेतलं आणि पडद्यावर नुसतं काळं असलं, तर त्यांना 'तुम्हाला वाटलं असेल' म्हणू नका. उद्या सकाळी दुकान उघडायच्या वेळेला जाऊन दारात उभे राहा आणि आपली कॅसेट परत मागा.